तटबंधाच्या आतली माणसं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी माझ्या धाकट्या भावाच्या घरात आठ दिवस होतं. पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता, दारं फुगून बसली होती आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीला एक तांबूस रेघ उमटली होती. दिवाळीच्या आधी फरशी बदलायचं काम काढलं. फरशी बसवणारा कारागीर बिहारचा, सुपौल जिल्ह्यातला. वय असेल पंचवीस-सव्वीस. पहिल्याच दिवशी त्यानं त्या रेघेवर हात ठेवला आणि मला विचारलं, “चाचा, पानी कितने दिन रहा?”

“आठ दिन,” मी म्हटलं. माझ्या आवाजात जरा तक्रार असावी.

तो हसला. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. “हमारे यहाँ तो तीन महीना रहता है. हम भीतर के हैं न.”

कशाच्या भीतर? मला कळेना. त्यानं दोन लाद्या उचलल्या, समोरासमोर उभ्या धरल्या आणि मधल्या जागेकडे मानेनं खूण करत म्हणाला, “ये पूरब का बाँध, ये पच्छिम का बाँध. बीच में कोसी. और कोसी के साथ हम.”

आपल्याकडे गावकूस असतं. कुसाच्या आत गाव असतं आणि ज्यांना गावानं दूर ठेवलं ती माणसं कुसाबाहेर. ‘गावकुसाबाहेरचे’ या एका शब्दात केवढा इतिहास आहे ते मराठी माणसाला सांगायला नको. पण या पोरानं मला एक उलटं कूस दाखवलं. तिथे वाळीत पडलेली माणसं कुसाच्या आत आहेत. त्या दिवसापासून मी कोसीविषयी मिळेल ते वाचत गेलो. मी काही इंजिनिअर नाही. कविता लिहिणारा माणूस आहे, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. पण नदीकाठी जन्मलो, आणि माझ्या काठावरही आता भिंतींची भाषा सुरू झाली आहे. म्हणून आज तुमच्याशी हे बोलावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण महाराष्ट्रातले लोक ‘नदीवरचा बांध’ म्हटलं की धरण समजतो. धरण नदीला आडवं असतं आणि पाणी अडवतं. मी बोलतोय तो बांध नदीला समांतर असतो. दोन्ही काठांना, काठापासून थोडं अंतर सोडून, मैलोन् मैल घातलेली मातीची उंच भिंत. हिंदीत त्याला तटबंध म्हणतात. कल्पना साधी आहे. नदी फुगली तरी तिनं या दोन भिंतींच्या मधूनच जावं आणि भिंतीपलीकडची शेतं, गावं, शहरं कोरडी राहावीत. साधी आहे म्हणूनच ही कल्पना माणसाला हजारो वर्षं मोहात पाडत आली आहे.

यातली अडचण पाण्यापेक्षा गाळाची आहे. हिमालयातून येणारी नदी नुसतं पाणी आणत नाही, डोंगर आणते. एव्हरेस्ट आणि कांचनगंगा या दोन्ही शिखरांच्या परिसरातलं पाणी कोसीत येतं. सात प्रवाह मिळून ती होते, म्हणून नेपाळात तिला सप्तकोसी म्हणतात. चतरा इथे ती डोंगरातून बाहेर पडते आणि एकदम सपाटीला लागते. उतार संपला की वेग संपतो, आणि वेग संपला की हातातलं ओझं खाली ठेवावं लागतं. असं ओझं ठेवून ठेवून तिचं पात्र उथळ होतं, मग ती बाजूची सखल जागा शोधून तिकडे वळते. गेल्या अडीचशे वर्षांत कोसी अशी पूर्वेकडून पश्चिमेकडे शंभर किलोमीटरहून जास्त सरकली. पूर्णियाच्या बाजूनं वाहणारी नदी दरभंग्याच्या बाजूला आली. मागे उरली वाळूची पडीक रानं. फणीश्वरनाथ रेणूंची ‘परती : परिकथा’ ही १९५७ ची कादंबरी याच पडीक जमिनीची कथा आहे.

आता अशा नदीला दोन भिंतींत कोंडलं की काय होणार? एरवी जो गाळ शेकडो मैलांवर पसरला असता तो भिंतींच्या मधेच साचणार. नदीचा तळ वर येणार. तळ वर आला की भिंत उंच करा. भिंत उंच केली की तळ आणखी वर. काही वर्षांनी नदी बाहेरच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहू लागते. मग भिंत फुटली तर पाणी कुठे जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ती गत होते.

हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. बंगालमध्ये दामोदर नदीच्या दोन्ही काठांवर जमीनदारांनी बांधलेले जुने बांध होते. ते इंग्रजांनी ताब्यात घेतले. पण बांध फुटत राहिले, दुरुस्तीचा खर्च वाढत राहिला. शेवटी १८५० च्या दशकात सरकारनं एक निर्णय घेतला. दामोदरच्या उजव्या काठावरचा सुमारे २० मैलांचा बांध काढून टाकला आणि डाव्या काठावरचा मजबूत केला. डाव्या काठालाच का? कारण त्या बाजूला ग्रँड ट्रंक रोड होता, आणि १८५५ मध्ये राणीगंजच्या कोळशापर्यंत गेलेली नवी कोरी रेल्वे होती. उजव्या बाजूला फक्त शेतकरी होते. पुराचं पाणी कमी झालं नाही. ते कोणाकडे जाणार, एवढंच ठरलं.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्या पोरानं उभ्या धरलेल्या दोन लाद्या आठवल्या. तटबंधाचा सगळा इतिहास या एका वाक्यात येतो असं मला वाटतं: बांध पूर थांबवत नाही, पुराची वाटणी करतो. आणि कुठल्याही वाटणीत विचारायचा प्रश्न एकच असतो. वाटणी केली कोणी?

विसाव्या शतकात तज्ज्ञांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं. १९२८ मध्ये ओरिसाच्या पुरांचा अभ्यास करायला नेमलेल्या समितीनं असा निष्कर्ष काढला की, पूर कसा अडवावा हा तिथला खरा प्रश्नच नाही. पाणी लवकरात लवकर समुद्राकडे कसं जाईल हा खरा प्रश्न आहे, आणि त्या वाटेत बांधांचीच अडचण होते. इजिप्तमध्ये आस्वानच्या धरणावर काम केलेले विल्यम विल्कॉक्स कोलकात्यात व्याख्यानं द्यायला आले. ती व्याख्यानं १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. बंगालचा जुना शेतकरी पुराचं गढूळ पाणी मुद्दाम शेतात घेत असे, त्यामुळे जमीन सुपीक राहत असे आणि हिवतापही आटोक्यात राहत असे, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळेच अभ्यासक ते पूर्णपणे मान्य करत नाहीत, पण त्यांनी विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे. १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये पाटण्याला पूरपरिषद भरली, तेव्हा बिहारचे मुख्य अभियंता कॅप्टन हॉल यांनी तटबंधांच्या विरोधात स्पष्ट भूमिका घेतली होती.

मग कोसीला बांध घातले तरी का?

त्याचं उत्तर १९५३ च्या पुरात आणि त्या काळाच्या मनात आहे. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. लोक मरत होते आणि सरकारनं काहीतरी करावं ही मागणी अगदी रास्त होती. नेपाळात बराहक्षेत्राला उंच धरण बांधण्याची कल्पना १९४७ पासून पुढे होती, पण ते काम प्रचंड खर्चाचं होतं. तटबंध स्वस्त होते आणि लवकर होणारे होते. विरोधाचं काय करायचं? १९५४ च्या मे महिन्यात कंवर सेन आणि के. एल. राव हे दोन नामवंत अभियंते चीनला गेले, पीत नदी म्हणजे ह्वांगहो पाहायला. तिचे प्रचंड तटबंध पाहून ते परतले आणि कोसीवरही असंच करता येईल असं त्यांनी सांगितलं.

इथे जरा थांबावं लागतं. कारण ह्वांगहोचा इतिहास नीट वाचला तर तो बांधांच्या बाजूनं साक्ष देत नाही. इसवी सन सुरू होण्याच्या थोडं आधी, हान राजवटीत, जिया रांग नावाच्या अधिकाऱ्यानं बादशहापुढे तीन उपाय ठेवले होते. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे माणसांना हलवून नदीला जागा द्यावी. मधला म्हणजे कालवे काढून पाणी वाटून घ्यावं. आणि सर्वांत वाईट म्हणजे जुनेच बांध दुरुस्त करत, उंच करत बसावं. चीननं बहुतेक वेळा तिसरा उपाय केला. सोळाव्या शतकात पान जिशुन या अधिकाऱ्यानं नवी युक्ती काढली: पात्र अरुंद करा, म्हणजे पाण्याला जोर येईल आणि नदी आपला गाळ आपणच खरवडून नेईल. काही काळ ती चाललीही. पण १८५५ मध्ये ह्वांगहोनं बांध फोडून आपला मार्गच बदलला. १८८७ च्या पुरात लाखो माणसं गेली. १९३८ मध्ये जपानी सैन्याला अडवण्यासाठी चीनच्याच सैन्यानं ह्वायुआनखौचा बांध फोडला आणि पुन्हा आपलीच लाखो माणसं बुडवली. आज कायफंग शहराजवळ नदीचा तळ शहराच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर उंच आहे. अशी नदी पाहून आपल्या माणसांनी होकार आणला. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण जे आधीच ठरलेलं असतं तेच माणसाला परदेशातही दिसतं, एवढं म्हणतो.

त्या काळात सगळं भराभर झालं. २५ एप्रिल १९५४ ला भारत आणि नेपाळ यांच्यात कोसी करार झाला. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला गुलझारीलाल नंदांनी संसदेपुढे पुराविषयीचं पहिलं राष्ट्रीय धोरण मांडलं. १४ जानेवारी १९५५ ला, आपल्या संक्रांतीच्या दिवशी, निर्मलीजवळ मातीचं पहिलं घमेलं पडलं. भारत सेवक समाजाच्या हाकेला ओ देऊन हजारो माणसं श्रमदानाला आली. अर्धी भाकर खाऊ पण कोसीला बांधू, अशा अर्थाच्या घोषणा होत्या. तो उत्साह खोटा नव्हता. काही वर्षांत पूर्वेचा सुमारे १२५ किलोमीटरचा आणि पश्चिमेचा सुमारे १०० किलोमीटरचा तटबंध उभा राहिला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भीमनगरजवळ ५६ दरवाज्यांचा बराजही झाला.

पण त्या दोन भिंतींमध्ये, कुठे पाच-सहा तर कुठे पंधरा-सोळा किलोमीटरच्या पट्ट्यात, तीनशेहून अधिक गावं होती. बांध कुठून न्यायचा यावरून ओढाताण झाली. ज्या गावाचा आवाज मोठा ते भिंतीबाहेर राहिलं, ज्याचा लहान ते आत गेलं. आपल्याकडे शेजारी शेजाऱ्याचा बांध कोरतो आणि भाऊ भावावर कोर्टात जातो. इथे तर एका रेघेवर अख्खी गावं ठरत होती. आतल्या लोकांना सांगण्यात आलं की, तुम्हाला बाहेर घरासाठी जागा देऊ, शेती मात्र आतच राहील. काही जण बाहेर गेले. पण शेत पाच मैलांवर, मधे नदीचे चार फाटे, गुरं कुठे ठेवायची, पिकाची राखण कोणी करायची? त्यातल्या पुष्कळांच्या बाहेरच्या जागेत पुढे पाणी साचू लागलं. लोक परत आत गेले. पूर्वी पुराचं पाणी दूरवर पसरायचं, गुडघाभर यायचं आणि जायचं. आता ते दोन भिंतींमध्ये उभं राहू लागलं. बांबू आणि गवताची घरं करायची, नदीनं जमीन कापली की उचलून दुसरीकडे न्यायची, असं त्यांचं आयुष्य झालं. या लोकांसाठी १९८७ मध्ये एक प्राधिकरण काढलं गेलं. कागदावर नोकऱ्या होत्या, उद्योग होते, शिक्षण होतं. आतल्या माणसाच्या हाती त्यातलं फारसं आलं नाही. त्याच्या हाती आलं ते दिल्लीचं, पंजाबचं, मुंबईचं आणि आमच्या सांगलीकडचं रेल्वेचं तिकीट.

बरं, बाहेरचे तरी सुखी झाले का? प्रामाणिकपणे सांगायचं तर काही झाले. सहरसा, सुपौलच्या कितीतरी भागांत वर्षानुवर्षं नदी आली नाही, रस्ते झाले, शाळा झाल्या, कालव्याखाली जमीन आली. हे नाकारलं तर ज्यांनी त्या बांधासाठी घमेली उचलली त्यांच्यावर अन्याय होईल. पण भिंतीनं एक नवाच प्रश्न उभा केला. कोसीला येऊन मिळणाऱ्या लहान नद्यांचं काय? त्यांच्या तोंडाशी बांध आडवा आला. तिथे दरवाजे ठेवले, तर कोसी फुगल्यावर ते उघडायची सोय नाही, उघडले तर कोसीच उलटी आत येणार. दरवाज्यांपुढे गाळ साचून ते निकामी झाले. मग त्या लहान नदीलाही बांध घातला. आता दोन बांधांच्या मधल्या बेचक्यात पडलेला पाऊस कुठे जाणार? तो तिथेच साचला. ज्या जमिनीला पुरापासून वाचवलं, तिथे पाणथळ झाली. भात गेलं, मच्छर आले.

आणि मग बांध फुटू लागले. १९६३ मध्ये नेपाळात दलवा इथे फुटला. १९६८ मध्ये पश्चिमेचा बांध जमालपूरच्या बाजूला फुटला. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला कोसीत ९ लाख १३ हजार क्युसेक पाणी आलं होतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एवढं पाणी त्याआधी आणि त्यानंतर कधी नोंदलेलं नाही. चौकशीत दोष मात्र आला उंदीर आणि कोल्ह्यांच्या बिळांवर. १९८४ मध्ये सहरसा जिल्ह्यात नवहट्ट्याजवळ बांध फुटला आणि लाखो लोक उघड्यावर आले. गंमत अशी की त्या वेळी आतल्या काही गावांचं पाणी उतरलं. एकाचा जीव भांड्यात पडायला दुसऱ्याचं घर बुडावं लागावं, अशी ही व्यवस्था. त्यामुळे पूर आला की आतले आणि बाहेरचे एकमेकांकडे संशयानं बघतात. रात्री बांधावर पहारे बसतात. हे पहारे नदीवर असतात तसे माणसांवरही असतात.

सगळ्यात मोठा धडा मिळाला तो १८ ऑगस्ट २००८ ला. नेपाळात कुसहा इथे पूर्वेचा तटबंध फुटला. हा बांध साडेनऊ लाख क्युसेक पाणी पेलण्यासाठी होता. फुटला त्या दिवशी नदीत पाणी होतं दीड लाखाच्याही आत. म्हणजे पूर मोठा नव्हता, बांध खचला होता. साचलेल्या गाळानं प्रवाह पूर्वेच्या काठावर ढकलला गेला होता आणि नदी कित्येक दिवस बांधाचा पाया कुरतडत होती. डागडुजी वेळेवर झाली नाही. भिंत पडल्यावर कोसी आपल्या जुन्या, कित्येक पिढ्यांपूर्वी सोडलेल्या पात्रांतून पूर्वेकडे निघाली. सुपौल, मधेपुरा, अररिया, सहरसा, पूर्णिया. तीस लाखांहून अधिक लोकांना तडाखा बसला, शेकडो गेले. त्या मुलखातल्या नव्या पिढीनं नदी पाहिलेलीच नव्हती. नावा नव्हत्या, पोहायची सवय नव्हती, उंच जोत्यांची घरं नव्हती. पन्नास वर्षांच्या कोरड्या जमिनीनं त्यांना नदीचा विसर पाडला होता. भिंत माणसाला सुरक्षित करते की निश्चिंत, हा फरक तेव्हा कळला.

हे फक्त आपल्या गरीब मुलखातच होतं असंही नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीला फक्त बांधांनीच आवरायचं, असं धोरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चाललं. पाण्याला पसरायच्या जुन्या वाटाही बंद केल्या. १९२७ च्या एप्रिलमध्ये बांध एकामागून एक फुटले. २९ एप्रिलला न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी शहराच्या खालच्या बाजूचा बांध सुरुंग लावून उडवला. शहर राहिलं, खालचे मासे धरणारे आणि शिकारीवर जगणारे गरीब लोक बुडाले. नुकसानभरपाईचा शब्द दिला होता, तो नीट पाळला गेला नाही. आणि वरच्या बाजूला बांध आधीच फुटल्यामुळे हा सुरुंग लावायची गरजही नव्हती, असं नंतर दिसून आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं कायदा करून फक्त बांधांवर विसंबण्याचं धोरण सोडलं आणि नदीला फुगल्यावर बाहेर पडायच्या वाटा ठेवल्या. दामोदर असो की मिसिसिपी, सुरुंग कुठे लावायचा हे नेहमीच पाण्याच्या पातळीवरून ठरलं असं नाही. तिथे कोण राहतं यावरूनही ठरलं.

बिहारचे अभियंते दिनेशकुमार मिश्र यांनी आयुष्याचा मोठा काळ या नद्यांमागे घालवला. गावोगाव फिरून त्यांनी जे मांडलं त्यातले आकडे विचार करायला लावतात. १९५४ च्या सुमाराला बिहारमध्ये सुमारे १६० किलोमीटर तटबंध होते आणि २५ लाख हेक्टर जमीन पूरप्रवण मानली जात होती. १९९० च्या दशकात तटबंधांची लांबी ३४०० किलोमीटरच्या पुढे गेली, आणि पूरप्रवण जमीन झाली ६८ लाख हेक्टरच्या वर. यात रस्त्यांचा आणि रेल्वेच्या भरावांचा हात आहे, मोजणीच्या पद्धतीही बदलल्या असतील. पण औषध वाढत गेलं आणि दुखणंही वाढत गेलं, तर औषध तपासायला हवं एवढं तर कोणीही म्हणेल. २०२४ च्या सप्टेंबरअखेर कोसीत ६ लाख ६१ हजार क्युसेक पाणी आलं, ५६ वर्षांतलं सगळ्यात जास्त. दरभंगा जिल्ह्यात पुन्हा बांध फुटला. बराहक्षेत्राचं उंच धरण अजूनही चर्चेतच आहे.

मग करायचं काय, असं तुम्ही विचाराल. बांध सगळे पाडून टाका असं मी म्हणणार नाही. सत्तर वर्षांत त्यांच्या आडोशानं उभं राहिलेलं जग एका दिवसात उघड्यावर टाकणं हाही अन्यायच. पण नेदरलँड्ससारखा देश, ज्याचं सगळं जगणंच भिंतींवर अवलंबून आहे, त्यानं १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर काय केलं? ९५ साली तिथे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं होतं. त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा देण्याचं काम काढलं. कुठे बांध मागे सरकवला, कुठे जुना फाटा मोकळा केला. शेतकऱ्यांशी बोलणी केली, पैसे दिले, घरं उंचवट्यावर बांधून दिली. दोन हजार वर्षांपूर्वीचा जिया रांगचा पहिला उपायच तो.

आता थोडं घरचं. आम्हा कृष्णाकाठच्या माणसांना पूर परका नव्हता. माझ्या लहानपणी पावसाळ्यात पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं याची बातमी गल्लीत फिरायची. दर्ग्याच्या ओट्याला पाणी लागलं की दादी म्हणायची, आता उतरेल. बहुतेक वेळा उतरायचं. मागे राहायची ती मळी. काळी, मऊ, लोण्यासारखी. त्या मळीत वांगी व्हायची, तशी चव दुसऱ्या कुठल्या वांग्याला नाही हे आजही कोणी सांगेल. अब्बा म्हणायचे, नदी घेते ते दिसतं, देते ते दिसत नाही. मळीत कोणी घर बांधत नसे. कायदा नव्हता, रेघ नव्हती, पण माहीत होतं.

आता रेघा आहेत. निळी रेषा, साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये असा नियम आहे. माझ्या भावाचं घर कुठल्या रेषेत आहे हे आम्ही प्लॉट घेताना विचारलं नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, हे खरं. पण दादीनं सांगितलेलं आम्ही विसरलो होतो, हेही तितकंच खरं. २००५, २०१९, २०२१. पूर येऊन गेला की पूरसंरक्षक भिंतीची मागणी होते. घरात पाणी शिरलेल्या माणसाला भिंत हवीशी वाटणारच, मलाही वाटली होती. कृष्णा ही कोसी नाही. तिचा गाळ कमी, तिचा स्वभाव वेगळा. एखाद्या शहराच्या वळणावर थोडी भिंत उपयोगीही पडेल. पण ती बांधण्याआधी समोरच्या काठावरच्या गावाला कोणी विचारणार आहे का? भिंतीमुळे वर चढलेलं पाणी कोणाच्या मळीत, कोणाच्या वस्तीत शिरणार? आमच्या नाल्यांचं पाणी भिंतीतून बाहेर कसं पडणार? भिंत किती फूट उंच, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

फरशीचं काम संपलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. त्या पोराला छठसाठी गावी जायची घाई होती. मी विचारलं, घरी कोण कोण आहे? म्हणाला, सगळे आहेत, पण घर कुठे आहे ते गेल्यावर कळेल. या साली नदीनं वस्ती कापली, भावानं घर उचलून उत्तरेला नेलंय. पैसे मोजून खिशात ठेवताना त्यानं पुन्हा त्या भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं.

“चाचा, आपके यहाँ भी बाँध बनेगा क्या?”

“चर्चा तर आहे,” मी मराठीतच बोलून गेलो. त्याला कळलं.

“तो पहले पूछ लीजिएगा,” तो म्हणाला, “आपका घर भीतर आएगा कि बाहर.”

मी अजून कोणाला विचारलेलं नाही. आज तुम्हा सगळ्यांसमोर विचारतो आहे. आणि त्याच्यासोबत आणखी एक प्रश्न जोडतो, जो त्या पोराच्या आजोबांच्या वेळी कोणी विचारला नाही: माझं घर बाहेर आलं, तर आत कोणाचं गेलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)